रोइंगमध्ये वर्ल्ड रेकॉर्ड का नसतो? १९०० ते २०२८ चं लांबलचक उत्तर

प्रश्न साधारण असा आहे: रोइंग म्हणजे वल्ह्यांनी बोट पळवायचा खेळ १९०० पासून ऑलिंपिकमध्ये आहे, मग धावणं-पोहण्यासारखे याचे अधिकृत वर्ल्ड रेकॉर्ड का नाहीत, इव्हेंट सारखे येतात-जातात का, आणि २०२८ ला दोन हजार मीटरच्या जागी अचानक पंधराशे मीटर कुठून आले. मी बरीच वर्षं कोचिंग केलंय आणि रेसच्या ज्युरीतही बसलोय, त्यामुळे सरळ उत्तर देतो. रोइंगचा सगळा इंटरनॅशनल इतिहास दोनच भांडणांवर चाललाय, एक म्हणजे पाण्यात उतरायची परवानगी कोणाला आणि दुसरं म्हणजे उतरलेल्या सगळ्यांना पाणी सारखं मिळालं का. बाकी पदकं, देश, हिरो हे सगळं त्यावर चढलेलं आहे.

रेकॉर्डचं आधी सांगतो कारण ते सोपं आहे. पुरुषांचा सिंगल स्कल म्हणजे एकाच माणसाने दोन वल्ह्यांनी चालवायची बोट, दोन हजार मीटर, मागून चांगला वारा असेल तर टॉपचा माणूस साडेसहा मिनिटांच्या आसपास येतो, तोच माणूस समोरून वारा असेल तर सात मिनिटांच्या पुढे जातो, आणि दोन्ही दिवशी त्याने तेवढाच जीव काढलेला असतो. पाण्याचं तापमान, प्रवाह, खोली, सगळं आड येतं. म्हणून वर्ल्ड रोइंग ही या खेळाची जागतिक संघटना फक्त 'बेस्ट टाइम' नोंदवते, त्याला रेकॉर्डचा मान देत नाही. २०१७ ला पोझनानच्या वर्ल्ड कपला मागून असा वारा होता की त्याच वीकएंडला जर्मनीच्या एटने (आठ जणांच्या बोटीने) ५:१८.६८ आणि न्यूझीलंडच्या रॉबी मॅन्सनने सिंगलमध्ये ६:३०.७४ काढले. दोन्ही क्रू जबरदस्तच होते, पण पोझनानचा वारा त्या आकड्यांत मिसळलेला आहे हे रोइंगवाला प्रत्येक जण जाणतो. आमच्या खेळात शेजारच्या लेनमधल्याला हरवायचं असतं, घड्याळाला नाही.

आता इतिहास. लोक सुरुवात ऑलिंपिकपासून करतात पण खरं तर रोइंग त्याआधीच मोठा पैशाचा खेळ होता. लंडनच्या थेम्सवर प्रवासी ने-आण करणारे नावाडी शर्यती लावायचे, त्यातली डॉगेट्स कोट अँड बॅज ही रेस १७१५ पासून आजपर्यंत चालू आहे. १९व्या शतकात प्रोफेशनल स्कलिंगला तुफान गर्दी व्हायची, नदीच्या दोन्ही काठांवर माणसंच माणसं, आणि सट्टा तर विचारू नका. १८७६ ला एडवर्ड ट्रिकेट नावाचा ऑस्ट्रेलियन थेम्सवर येऊन जो सॅडलरला हरवून वर्ल्ड चॅम्पियन झाला, मग १८८० ला कॅनडाच्या नेड हॅनलनने ट्रिकेटला हरवलं. हॅनलन अंगाने लहान होता पण स्लाइडिंग सीट (पुढे-मागे सरकणारी बैठक) त्याच्याइतकी नीट तेव्हा कोणाला वापरता येत नव्हती, समोरचा दमून मेटाकुटीला आलेला असताना हा मध्येच थांबायचा, प्रेक्षकांशी थट्टा करायचा आणि परत पुढे निघून जायचा. १८८४ ला ऑस्ट्रेलियात विल्यम बीचने त्याला हरवलं. हे सगळे आपल्या काळातले मोठे स्टार, आणि यातला एकही ऑलिंपिकच्या यादीत नाही. पैसे घेऊन रेस करणारा माणूस पुढे आलेल्या व्यवस्थेला चालतच नव्हता.

ती व्यवस्था म्हणजे अमॅच्युअर, पैशासाठी न खेळणाऱ्या हौशी लोकांची. ऑक्सफर्ड-केंब्रिज रेस १८२९ ला सुरू झाली, थेम्सवरची हेन्ली रेगाटा (बोटींच्या शर्यतींचा मेळा) १८३९ ला, आणि १८७९ ला हेन्लीने नियम लिहून काढला की मेकॅनिक, कारागीर, मजूर हे अमॅच्युअर धरले जाणार नाहीत. नीट लक्षात घ्या, रोइंगसाठी पैसे घेतले म्हणून बंदी हा एक भाग झाला, पण हाताने काम करून पोट भरतो म्हणूनही बंदी होती! कारण असं दिलं जायचं की अंगमेहनतीचं काम करणाऱ्याचं शरीर आधीच तयार असतं, त्यामुळे ऑफिसात किंवा कॉलेजात बसणाऱ्यावर अन्याय होतो. हा युक्तिवाद मी कितीही वेळा वाचला तरी मला त्यात फेअरनेसपेक्षा दुसरंच काहीतरी दिसतं. जिंकणारे लोक कमी करायचे असतील तर व्याख्या बदला, इतकं सोपं.

युरोपात मात्र क्लबांना देशाबाहेर जाऊन रेस करायची होती आणि प्रत्येक ठिकाणी अंतर वेगळं, बोट वेगळी, नियम वेगळे. म्हणून २५ जून १८९२ ला इटलीत टुरिनला फिसा ही संघटना स्थापन झाली, इटली, फ्रान्स, स्वित्झर्लंड, बेल्जियम आणि एड्रियाटिका म्हणजे तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत असलेला ट्रिएस्टचा भाग. ऑलिंपिक समितीच्या दोन वर्षं आधी! पुढच्याच वर्षी ओर्टाच्या तळ्यावर पहिली युरोपियन चॅम्पियनशिप झाली. आज जी वर्ल्ड रोइंग म्हणून ओळखली जाते ती हीच संस्था. ब्रिटिशांना बराच काळ यात फारसा रस नव्हता, त्यांच्या दृष्टीने हेन्ली हीच खरी चॅम्पियनशिप होती, जगाने हवं तर तिथे यावं. आणि जग गेलंही, बेल्जियमच्या गेंटवाल्यांनी १९०६ आणि १९०७ ला हेन्लीचा ग्रँड चॅलेंज कप, म्हणजे एटची मोठी ट्रॉफी, उचलून नेला तेव्हा यजमानांची चांगलीच तारांबळ झाली.

ऑलिंपिकचं पहिलं पान तर कोरंच आहे. १८९६ ला अथेन्सच्या कार्यक्रमात रोइंग होतं, पण समुद्रावर ठेवलं होतं आणि हवा बिघडली, झालं रद्द. म्हणून सुरुवात १९००, पॅरिस, सीन नदी, १७५० मीटर. तिथला गोंधळ ऐकण्यासारखा आहे. डच लोकांची कॉक्स्ड पेअर होती, म्हणजे वल्हवणारे दोघे आणि बोटीची दिशा सांभाळणारा तिसरा कॉक्स, ब्रँट आणि क्लाइन, कॉक्स होता ब्रॉकमन, वजन ६० किलोच्या आसपास. हीटमध्ये म्हणजे पहिल्या फेरीत ते हरले आणि पाहिलं तर फ्रेंच बोटींमध्ये कॉक्स म्हणून लहान लहान मुलं बसवलेली. मग त्यांनी फायनलला ब्रॉकमनला उतरवलं आणि काठावरून एक फ्रेंच पोरगा उचलून बोटीत बसवला, आणि ०.२ सेकंदांनी सोनं जिंकलं. फोटो काढला, पोरगा गेला निघून. त्याचं नाव पक्कं कोणालाच ठरवता आलेलं नाही, वयाचेही अंदाजच आहेत, तरी ऑलिंपिकच्या सगळ्यात लहान विजेत्यांच्या चर्चेत तो असतोच. त्याच स्पर्धेत कॉक्स्ड फोरच्या (चार जण आणि कॉक्स) क्वालिफिकेशनवरून इतकं भांडण झालं की दोन वेगळ्या फायनल घ्याव्या लागल्या आणि दोन्हींचे विजेते चॅम्पियन धरले गेले.

आज कॉक्सला किमान ५५ किलो वजन लागतं, कमी भरलं तर तेवढं वजन बोटीत ठेवावं लागतं. ज्युनियर मुलं मला विचारतात की हे वाळूचं पोतं बरोबर घेऊन का फिरायचं. त्या सीनवरच्या पोरासारखे प्रकार परत होऊ नयेत म्हणून. आता कॉक्स पुरुष की बाई याचं बंधनही गेलंय, ब्रिटनच्या हेन्री फील्डमनने टोकियोत पुरुषांच्या एटबरोबर ब्राँझ घेतलं आणि पॅरिसला महिलांच्या एटबरोबर.

१९०४ सेंट लुईस पटकन उरकतो, जवळपास सगळे अमेरिकन, एक कॅनडाची एट, संपलं. १९०८ हेन्लीवर झालं, दीड मैल, एका वेळी दोनच बोटी, आणि हॅरी ब्लॅकस्टाफ वयाच्या चाळिशीत सिंगल जिंकला. १९१२ स्टॉकहोमला अंतर दोन हजार मीटर. म्हणजे बघा, पहिल्या चार स्पर्धांत अंतर तीनदा बदललं, तेव्हा कोणत्या टायमिंगची कोणत्या टायमिंगशी तुलना करणार?

आता जॉन केली. फिलाडेल्फियाचा, विटा रचायचं काम करायचा, पुढे बांधकामाचा मोठा कॉन्ट्रॅक्टर झाला. १९२० ला त्याने हेन्लीच्या डायमंड स्कल्स या सिंगलच्या शर्यतीसाठी एंट्री पाठवली आणि ती नाकारली. गोष्ट सांगताना लोक फक्त 'गवंडी होता म्हणून हाकलला' एवढंच सांगतात, खरं तर दोन कारणं होती. त्याचा क्लब व्हेस्पर, त्या क्लबवर १९०५ च्या दौऱ्यातल्या पैशांच्या प्रकरणापासून हेन्लीने बंदी घातलेली होती, आणि शिवाय अंगमेहनतीच्या कामाचा नियम. दोन्ही लागू केले. त्याच उन्हाळ्यात बेल्जियममध्ये ऑलिंपिकला केलीने ब्रिटनच्या जॅक बेरेसफर्डला हरवून सिंगलचं सोनं घेतलं आणि त्याच दिवशी चुलतभाऊ पॉल कॉस्टेलोबरोबर डबल्सचंही. त्याच्या मुलाने १९४७ आणि १९४९ ला हेन्लीला जाऊन तीच डायमंड स्कल्स जिंकली. मुलगी ग्रेस केली, हॉलिवूडची नटी आणि पुढे मोनॅकोची राजवधू, ती सगळ्यांना माहीत आहेच. आणि बेरेसफर्ड काही साधा नव्हता, १९२० ते १९३६ सलग पाच ऑलिंपिकमध्ये पाच पदकं.

बॉबी पिअर्सचं त्याहून वाईट. ऑस्ट्रेलियन सुतार. १९२८ अॅमस्टरडॅमला स्लोटनच्या अरुंद कालव्यात क्वार्टरफायनल चालू असताना समोरून बदकं पिल्लांसकट आडवी आली, हा थांबला, त्यांना जाऊ दिलं, परत वल्हं मारलं आणि फ्रेंच स्कलरला आरामात हरवून पुढे जाऊन सोनं घेतलं. बदकांचं सगळे सांगतात. पण ऑलिंपिक चॅम्पियन असूनही सुतार म्हणून हेन्लीने त्याला प्रवेश दिला नाही, पुढे मंदीत त्याचं काम गेलं, तो कॅनडाला गेला, व्हिस्की कंपनीत सेल्समनची नोकरी लागली, आणि आता तो मजूर नाही म्हणून १९३१ ला चालला आणि डायमंड स्कल्स जिंकला. माणूस तोच आणि वल्हंही तेच, फक्त नोकरी बदलली होती. १९३२ ला परत ऑलिंपिक सोनं. शेवटचा धक्का १९३६ ला बसला, ऑस्ट्रेलियाची पोलिसांची एट बर्लिनला जाताना हेन्लीत उतरणार होती, पोलिसही अंगमेहनतवाले ठरवून त्यांना बाहेर ठेवलं, त्यावर इतकी टीका झाली की १९३७ ला ती अट काढली. पहिलं भांडण तिथे निदान पुरुषांपुरतं संपलं. बायकांचं अजून सुरूही झालं नव्हतं, त्यावर नंतर येतो.

दुसरं भांडण म्हणजे पाणी. इथे माझा जीव जास्त अडकलेला आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

१९३६ बर्लिन, ग्र्यूनाऊचं तळं. जर्मनीने सातपैकी पाच इव्हेंट जिंकले, डबल्स बेरेसफर्ड आणि साउथवुडने घेतली, आणि एट अमेरिकेने, वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीच्या पोरांनी, इटलीला ०.६ सेकंदांनी मागे टाकून, जर्मनी तिसरी. त्या फायनलला अमेरिकेला बाहेरची, वाऱ्याला उघडी लेन होती आणि जर्मनी-इटली काठाच्या आडोशाला. जाणूनबुजून केलं की नाही यावर अजून वाद घालतात, मी त्यात पडत नाही, पण ज्युरीत बसलेल्या माणसाला त्यातलं तांत्रिक सत्य लगेच कळतं. आडवा वारा असेल आणि एका काठाला झाडी किंवा स्टँड असेल तर त्या बाजूच्या दोन लेन शांत असतात आणि पलीकडे लाटा. सहा लेनच्या कोर्सवर असा फरक काही सेकंदांचा पडतो, आणि फायनल तर एका सेकंदाच्या आत सुटतात.

म्हणून जगभर खोदलेले सरळ कोर्स आले. अॅमस्टरडॅमचा बोसबान हा त्यातला सगळ्यात जुना मानला जातो, १९३० च्या दशकातला. दुसरी मोठी गोष्ट १९६० ची, रोमच्या ऑलिंपिकचं रोइंग अल्बानोच्या तळ्यावर झालं आणि तिथे लेनच्या दोन्ही बाजूंना ओळीने बोये (तरंगते गोळे) बांधले. आजही त्याला अल्बानो सिस्टिम म्हणतात. त्याआधी क्रू डोळ्यांच्या अंदाजाने सरळ जायचे, लेन सोडली की टक्कर, मग प्रोटेस्ट, मग परत रेस. बोये आल्यावर अम्पायरचं निम्मं काम कमी झालं. वाऱ्याला मात्र बोये काही करू शकत नाहीत. १९६४ ला टोकियो ऑलिंपिकच्या टोडा कोर्सवर वाऱ्यामुळे रेस इतक्या लांबल्या की एटची फायनल अंधारात झाली, आकाशात फ्लेअर सोडून उजेड केला होता. रिओत २०१६ ला लगूनवर पहिल्याच दिवशी सर्बियाची पेअर उलटली आणि दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या रेस रद्द झाल्या. टोकियोत वादळाच्या अंदाजाने वेळापत्रक हलवलं. हल्ली मोठ्या स्पर्धेत वाऱ्यावर लक्ष ठेवायला वेगळी माणसं असतात, कोर्स अनफेअर वाटला तर वेळ बदलतात, नाहीतर आधीच्या फेरीत ज्यांनी चांगलं केलंय त्यांना चांगल्या लेन देतात. हा शेवटचा उपाय बऱ्याच जणांना पटत नाही, मला पटतो, कारण चिठ्ठी काढून सहाव्याला शांत लेन देणं हे जास्त वाईट.

१९६० ला अजून एक झालं. १९२० ते १९५६ प्रत्येक ऑलिंपिकची एट अमेरिकेने जिंकलेली, सलग आठ, आणि रोमला जर्मन एटने ती साखळी तोडली. त्यांचा कोच कार्ल अॅडम, रात्झेबुर्गचा शाळामास्तर, स्वतः कधी मोठा रोअर नव्हता, तो बॉक्सर होता! बहुतेक म्हणूनच त्याला जुन्या शैलीचा धाक नव्हता. इंटरव्हल ट्रेनिंग, जास्त स्ट्रोक रेट, रिगची वेगळी मांडणी, रुंद आणि आखूड पात्याची वल्ही, हे सगळं त्याने बिनधास्त करून पाहिलं. आज आपण जे ट्रेनिंग 'नॉर्मल' समजतो त्यातलं बरंचसं तिथून आलंय. १९६४ ला मात्र व्हेस्परने, हो तोच केलीवाला क्लब, ती एट परत घेतली.

याच काळातला सिंगलचा राजा व्याचेस्लाव इव्हानोव्ह, १९५६, ६०, ६४ सलग तीन. पहिलं सोनं मिळाल्यावर आनंदाने उडवलं आणि ते वेंडुरीच्या तळ्यात पडलं, सापडलंच नाही, नंतर त्याला दुसरं दिलं. पुढे फिनलंडच्या पेर्ट्टी कार्पिनेननेही तीन घेतली, ७६, ८० आणि ८४.

बोटीबद्दल थोडं. १८४० च्या दशकात न्यूकॅसलच्या हॅरी क्लॅस्परमुळे आउटरिगर म्हणजे वल्हं बोटीच्या बाहेर टेकवायची चौकट (रिगर) रुळले, १८७० च्या दशकात स्लाइडिंग सीट, १९५९ ला मॅकॉनच्या युरोपियन चॅम्पियनशिपला आलेलं वल्ह्याचं नवं पातं, मग कार्बन फायबर, मग १९९१ ला एका बाजूला जास्त असलेलं कुऱ्हाडीसारखं पातं, जे बार्सिलोनापर्यंत जवळपास सगळ्यांकडे दिसायला लागलं. पण मला सगळ्यात आवडणारी गोष्ट स्लाइडिंग रिगरची. नेहमीच्या बोटीत रोअर सीटवर पुढे-मागे सरकतो, म्हणजे त्याचं वजन सरकतं आणि बोट झटके खात पळते. सीट स्थिर ठेवून रिगरच सरकवला तर वजन जागेवर राहतं आणि बोट गुळगुळीत जाते. जर्मनीचा पीटर-मिशाएल कोल्बे १९८१ ला अशा बोटीने वर्ल्ड चॅम्पियन झाला, १९८३ ला सिंगलच्या फायनलमध्ये सगळ्यांकडे तीच बोट. आणि फिसाने त्याच वर्षी तिच्यावर बंदी घातली, कारण खर्च. गरीब फेडरेशनना सगळ्या बोटी बदलायला लावणं परवडणार नव्हतं. वेगवान बोट मुद्दाम बंद करणारे खेळ किती असतील? बरोबर होतं की चूक यावर कोच लोक अजून भांडतात. माझं मत, बरोबर होतं, पण त्या बोटीत एकदा बसलेला माणूस हे कबूल करायला तयार नसतो. त्याच विचाराने पुढे बोटींना किमान वजन ठरलं, सिंगल १४ किलो, एट ९६ किलो, म्हणजे पैसे ओतून कागदासारखी बोट करून फायदा नाही.

वर्ल्ड चॅम्पियनशिप मात्र आश्चर्य वाटेल इतकी उशिरा आली, १९६२ ला लुझर्नच्या रोटझेवर पहिली. आधी चार वर्षांनी, १९७४ नंतर दरवर्षी. एशियन गेम्समध्ये रोइंग १९८२ ला आलं. कॉमनवेल्थमध्ये १९३० ला होतं, पण १९८६ नंतर गायब.

बायकांचं आता. १९५१ ला मॅकॉनला टेस्ट म्हणून रेस लावल्या, १९५४ ला अॅमस्टरडॅमला पहिली अधिकृत युरोपियन चॅम्पियनशिप, वर्ल्डला १९७४, ऑलिंपिकला १९७६ मॉन्ट्रियल. म्हणजे पुरुषांनंतर ७६ वर्षं. आणि तेही अंतर १००० मीटर, कारण बायकांना दोन हजार झेपणार नाही असं समजलं जायचं. हजार मीटरची रेस वेगळीच असते हो, ती जवळपास स्प्रिंट आहे, ताकदवान आणि जड क्रूला फायदा, दोन हजारात जे मधले पाचशे-पाचशेचे दोन भयंकर तुकडे येतात जिथे डोकं आणि दम दोन्ही लागतात, ते त्यात नाहीतच. १९८५ ला दोन हजार केलं तेव्हा कोणाला काही झालं नाही, उलट रेस चांगल्या झाल्या. मॉन्ट्रियलच्या आधी मार्चमध्ये येल युनिव्हर्सिटीच्या महिला क्रूने, थंडीत प्रॅक्टिसनंतर अंघोळीची सोय नाही म्हणून, क्रीडा विभागाच्या ऑफिसात जाऊन कपडे उतरवून अंगावर टायटल नाइन या शिक्षणात बायकांना समान हक्क देणाऱ्या कायद्याचं नाव लिहिलेलं दाखवून निषेध केला होता. त्यातल्या दोघी काही महिन्यांनी अमेरिकेच्या ऑलिंपिक टीममध्ये होत्या. इव्हेंटची संख्या दोघांना समान, सात-सात, व्हायला टोकियो उजाडलं.

पूर्व जर्मनीला टाळून हा काळ सांगता येत नाही. १९७६ ला चौदापैकी नऊ सोनं, १९८० ला मॉस्कोत बहिष्काराच्या वर्षी चौदापैकी अकरा. लहानपणी मुलं निवडणं, शरीराची मापं, शास्त्रीय ट्रेनिंग, हे सगळं खरंच उच्च दर्जाचं होतं आणि सरकारने चालवलेलं डोपिंगही तितकंच खरं होतं, ते पुढे कागदपत्रांतून बाहेर आलं. दोन्ही एकत्र होतं, म्हणून त्यातलं किती कशामुळे हे वेगळं काढता येत नाही. जे कोच त्यांचे ट्रेनिंग प्लॅन आजही कौतुकाने दाखवतात त्यांना मी एवढंच सांगतो की त्या प्लॅनमधला भार पेलायला त्या मुलांना काय दिलं जात होतं ते विसरू नका. १९८४ ला सोव्हिएत गटातले देश बहिष्कारामुळे आले नाहीत, रोमानिया आली आणि महिलांचे सहापैकी पाच इव्हेंट घेऊन गेली. त्यातल्या डबल्समध्ये होती एलिझाबेटा लिपा, तिने २००४ पर्यंत पाच सोनं जमवली. पुरुषांत स्टीव्ह रेडग्रेव्ह, १९८४ ते २००० सलग पाच ऑलिंपिकमध्ये सोनं. रेडग्रेव्हचं नाव सगळ्यांना येतं, लिपाचं फार कमी जणांना, हे मला खटकतं.

आता इव्हेंट का जातात-येतात. ऑलिंपिकमध्ये जागा मोजून मिळतात, हल्ली सुमारे ५०० खेळाडू, त्यामुळे काही आणायचं तर काही काढावं लागतं. १९९६ ला लाइटवेट आणलं, पुरुष ७२.५ किलोच्या आत आणि क्रूची सरासरी ७०, महिला ५९ आणि सरासरी ५७. विचार चांगला होता, जगातल्या बऱ्याच देशांत दोन मीटर उंचीची माणसं मिळत नाहीत, त्यांनाही संधी हवी. त्यासाठी पुरुषांची कॉक्स्ड पेअर आणि कॉक्स्ड फोर गेली. कॉक्स्ड पेअरची शेवटची ऑलिंपिक फायनल, १९९२ बार्सिलोना ऑलिंपिकची बान्योलेसला झालेली, मिळाली तर जरूर बघा, इटलीचे अबान्याले बंधू आरामात पुढे आणि ब्रिटनचे सर्ल बंधू शेवटच्या काही स्ट्रोकमध्ये त्यांना गाठतात. पुढे लाइटवेटचंच ओझं झालं. तराजूवर उतरायच्या आधी पोरं उपाशी, घाम गाळून वजन उतरवणार, आणि सगळ्यात वर शेवटी तेच मोजके श्रीमंत देश. ज्यांच्यासाठी आणलं त्यांना फार मिळालं नाही. पॅरिस २०२४ हे लाइटवेटचं शेवटचं ऑलिंपिक ठरलं, पुरुषांचं सोनं आयर्लंडच्या ओडोनोव्हन आणि मकार्थीने नेलं. पॅरा रोइंगनेही असाच अंतराचा प्रवास केला, पॅरालिंपिकमध्ये २००८ ला आलं तेव्हा हजार मीटर, २०१७ पासून दोन हजार.

आणि लॉस एंजलिस २०२८. पंधराशे मीटरमागे काही मोठा तात्त्विक विचार नाहीये, कारण अगदी साधं आहे. रेस लाँग बीचच्या मरीन स्टेडियमवर आहेत, जो १९३२ च्या ऑलिंपिकसाठीच केला होता, तेव्हा तिथे दोन हजार मीटर मिळत होते. नंतर त्यावर एक पूल आला आणि सरळ पाणी पंधराशेच उरलं. दोन हजार मीटरचा दुसरा पर्याय शहरापासून खूप लांब होता, खर्चही मोठा, म्हणून हे स्वीकारलं. मला विचाराल तर एका वेळेपुरतं चालेल, पण पंधराशेत स्टार्टला जास्त किंमत येणार आणि मधला पाचशेचा एक तुकडा कमी होणार, म्हणजे २०१६ ला सिंगलमध्ये न्यूझीलंडचा ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचा मार्टिन दोघांचीही वेळ ६:४१.३४ आली आणि फोटोवर सोनं ठरलं, तसे शेवट अजून जास्त दिसतील.

लाइटवेटच्या जागी येतंय बीच स्प्रिंट, पुरुष सोलो, महिला सोलो आणि मिक्स्ड डबल. वाळूवरून पळत जायचं, समुद्रात धरून ठेवलेल्या बोटीत उडी मारायची, बोयांतून नागमोडी साधारण २५० मीटर बाहेर, वळायचं, सरळ परत यायचं, बोटीतून उतरून पळत बझर दाबायचा. दोन-दोन बोटींची नॉकआउट. बोटी रुंद आणि जड असतात, आयोजकांच्याच, त्यामुळे बोटीवर पैसे ओतायचा प्रश्नच नाही. जुन्या लोकांना हे सर्कस वाटतं. मला ते नीट मोजायचा प्रश्न जास्त सतावतो, कारण लाट कोणाच्या वाट्याला कधी येईल हे कोणत्याच ज्युरीला ठरवता येत नाही, बोये बांधून, लेन बदलून, वेळ पुढे ढकलून सव्वाशे वर्षं जे कमी करत आणलं तेच इथे खेळाचा भाग म्हणून आत घेतलंय. त्यामुळे तिथली पोरं निवडताना एर्गोमीटरचा (जमिनीवरच्या रोइंग मशीनचा) स्कोअर अर्धाच बघा, उरलेलं म्हणजे बोटीत उडी मारताना तोल, वळताना किती वेळ जातो आणि लाट बघून वल्हं कधी टाकायचं याची अक्कल, हे समुद्रावर नेऊनच कळतं.